बीबीएसच्या टपालजाळ्यात शिरताना: आधी कॉलर, मग पॉइंट, शेवटी नोड

पहिली बुलेटिन बोर्ड सिस्टिम (बीबीएस), म्हणजे मोडेमने फोन लावून संदेश वाचायचा-लिहायचा संगणक, शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी १९७८ च्या फेब्रुवारीत सुरू केली. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्जने असे दोन बोर्ड रात्री आपापसात फोन लावून टपाल बदलून घेतील अशी सोय केली, आणि त्यातून फिडोनेट उभं राहिलं. रात्री अशासाठी की लांबच्या कॉलचे दर तेव्हा कमी असत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर या जाळ्यात तीस हजारांहून जास्त नोड, म्हणजे जाळ्याला जोडलेले बोर्ड, होते. आपल्याकडेही मुंबईत 'लाइव्ह वायर' आणि बंगळुरात अतुल चिटणीसांचा 'सिक्स' असे बोर्ड होते. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने इंटरनेट सगळ्यांसाठी खुलं केलं आणि पुढे या बोर्डांवरची वर्दळ ओसरली. जाळी मात्र बंद पडली नाहीत. मोडेमच्या जागी इंटरनेट आलं, टपालाची रीत तीच राहिली.

आज या जाळ्यांत शिरणारा नवखा माणूस बहुतेकदा उलट्या टोकाने सुरुवात करतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बोर्डाचं सॉफ्टवेअर टाकतो, त्याच रात्री नोड नंबर मागतो, आणि महिन्याभरात कॉन्फिगरेशनच्या दलदलीत रुतून गायब होतो. मागे उरतो हबच्या, म्हणजे टपाल गोळा करून वाटणाऱ्या मधल्या यंत्राच्या, डिस्कवर साचलेला त्याच्या टपालाचा ढीग. या लेखातला क्रम म्हणूनच जाणूनबुजून संथ ठेवला आहे. एक सूचना आधीच देतो: इथे देवनागरीत दिलेली नावं आणि आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीतच टाइप करायच्या आहेत.

आधी नुसते कॉलर व्हा

कॉलर म्हणजे दुसऱ्याच्या बोर्डावर जाऊन वाचणारा-लिहिणारा माणूस. यासाठी फक्त एक टर्मिनल प्रोग्रॅम लागतो. सिंकटर्म घ्या. तो फुकट आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतो, आणि जुन्या डॉसमधल्या चौकटी-रेघा व रंग जसेच्या तसे दाखवतो. साध्या टेलनेटनेही आत जाता येतं, पण चित्रांचा चोथा होतो. चालू बोर्डांची यादी 'टेलनेट बीबीएस गाइड'मध्ये मिळते. त्यातून दोन-तीन निवडा. निवडताना चित्रं किती भारी आहेत यापेक्षा तिथे कोणती संदेश-जाळी येतात ते बघा.

खातं उघडताना दोन गोष्टी पाळा. टेलनेटवरून पासवर्ड उघडा जातो, म्हणून बँकेचा, मेलचा किंवा आणखी कुठलाही पासवर्ड इथे वापरू नका. बोर्ड एसएसएचने (मजकूर सांकेतिक करून पाठवणाऱ्या जोडणीने) जोडू देत असेल तर तोच मार्ग घ्या. दुसरी गोष्ट नावाची. फिडोनेटवर खऱ्या नावानेच लिहायचा रिवाज आहे, तर एफएसएक्सनेटसारख्या जाळ्यांत टोपणनाव चालतं. बरेच बोर्ड दोन्ही नावं विचारून घेतात आणि ज्या त्या विभागात योग्य ते लावतात, त्यामुळे खऱ्या नावाच्या रकान्यात गंमत करू नका. ती पुढे तुमच्या संदेशांच्या माथ्यावर जगभर फिरते.

आत गेल्यावर 'नवे संदेश' हा पर्याय शोधा आणि वाचा. पंधरवडाभर नुसतं वाचलं तरी चालेल. कोण कोणाशी कसं बोलतं, कुठल्या विभागात भांडणं चालतात, कुठे रेडिओवाले जमतात आणि कुठे सॉफ्टवेअरची दुरुस्ती चालते, हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

एकोमेल आणि नेटमेल

संदेश दोन प्रकारचे असतात. एकोमेल म्हणजे सार्वजनिक चर्चा. तुम्ही एका बोर्डावर लिहिता, तो संदेश हबकडे जातो आणि तिथून त्या विभागाचा पुरवठा घेणाऱ्या प्रत्येक बोर्डावर त्याची प्रत पोचते. नेटमेल एका माणसाकडून एका माणसाला जातं. ते मधल्या यंत्रांवरून जात असल्याने तिथल्या सिसॉपला (बोर्ड चालवणाऱ्याला) वाचता येतं, त्यामुळे त्याला खासगी समजू नका. एकोमेल परत घेता येत नाही. अनेक बोर्डांवर त्याच्या प्रती पडलेल्या असतात, आणि त्या पुसायला सांगायची सोयच नाही. फोन नंबर, घरचा पत्ता, मुलांची नावं लिहिताना हे डोक्यात असू द्या.

संदेशाच्या तळाशी '* ओरिजिन' म्हणून एक ओळ दिसेल. त्यात बोर्डाचं नाव आणि कंसात पत्ता असतो. समजा तो २१:१/२५०.३ असा आहे. पहिला आकडा झोन, दुसरा नेट, तिसरा नोड आणि टिंबानंतरचा पॉइंट. संदेशात नियंत्रणाच्या ओळीही असतात आणि बहुतेक बोर्ड त्या लपवतात. 'सीन-बाय' ओळीत प्रत कोणाकोणाला पोचली आहे ते असतं, म्हणजे त्यांना ती पुन्हा धाडली जात नाही. 'पाथ' ओळीत संदेश कुठल्या यंत्रांवरून आला ते कळतं. संदेश-क्रमांकावरून दुबार आलेली प्रत ओळखली जाते. पुढे काही बिघडलं की याच तीन ओळी उपयोगी पडतील, तेव्हा त्या कशा उघडायच्या ते आत्ताच बघून ठेवा.

पहिला संदेश

चाचणीसाठी प्रत्येक जाळ्यात वेगळा विभाग असतो. एफएसएक्सनेटवर त्याचं नाव एफएसएक्स_टीएसटी. 'हॅलो, कोणी आहे का?' हे तिथेच लिहायचं. सर्वसाधारण विभागात चाचणीचे संदेश टाकले की जुनी मंडळी कपाळाला आठ्या घालतात, आणि त्यांचं बरोबर आहे. चाचणी झाली की सर्वसाधारण विभागात 'ऑल' या नावाने ओळख करून द्या. कुठून लिहिता, इथे कसे पोचलात, कशात रस आहे, एवढ्या पाच-सहा ओळी पुरतात. शेवटी एखादा नेमका प्रश्न विचारा. 'मी नवीन आहे' या वाक्याला दोन उत्तरं येतात, पण 'ब्रिटनमध्ये १९८५ च्या सुमाराला मोडेमचा वेग किती असे?' या प्रश्नाला वीस येतात.

उत्तर देताना आधीच्या संदेशातल्या लागतील तेवढ्याच ओळी ठेवा. त्यांच्या पुढे मूळ लेखकाची आद्याक्षरं आणि बाणाची खूण येते, ती पुसू नका. ओळ ८० अक्षरांपलीकडे नेऊ नका. मुख्य म्हणजे उतावीळ होऊ नका. तुमचा बोर्ड हबला तासाने विचारत असेल आणि समोरचा दिवसातून एकदा, तर उत्तर यायला दोन दिवस लागतात. 'गेला नसेल बहुतेक' म्हणून तोच मजकूर पुन्हा टाकला तर त्याला नवा संदेश-क्रमांक मिळतो आणि तो दुबार म्हणून ओळखला जात नाही. मग जगभर दोन प्रती दिसतात.

शिष्टाचाराचा कायदा म्हणाल तर फिडोनेटच्या १९८९ च्या चौथ्या धोरणपत्रात दोनच गोष्टी आहेत: इतरांना फाजील त्रास देऊ नका, आणि स्वतः चटकन चिडू नका. जाळ्यातले बहुतेक तंटे दुसरं कलम विसरल्याने होतात, असं माझं मत.

ऑफलाइन वाचायची सवय

दोन-तीन बोर्डांवर रोज जाऊन वाचायचा कंटाळा येऊ लागला की क्यूडब्ल्यूके पाकिटाकडे वळा. बोर्ड तुमच्यासाठी सगळे नवे संदेश एका झिप फाइलमध्ये बांधून देतो. ती उतरवायची, मल्टीमेल या प्रोग्रॅममध्ये उघडायची, सावकाश वाचून उत्तरं लिहायची आणि तयार झालेली आरईपी फाइल परत चढवायची. उबुंटू किंवा डेबियनवर मल्टीमेल नेहमीच्या पॅकेजांत मिळतं. ही पद्धत १९८७ पासूनची, लोक मिनिटामिनिटाचं फोनबिल मोजत होते तेव्हाची आहे. आज लोकलच्या डब्यात नेटवर्क गेलं तरी त्यामुळेच उत्तर लिहिता येतं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. क्यूडब्ल्यूकेच्या मूळ आराखड्यात नाव आणि विषय यांना प्रत्येकी २५ अक्षरंच मिळतात. लांबलचक विषय अर्ध्यात तुटतो.

मराठीत लिहिता येईल का?

हा प्रश्न पडणारच, आणि उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. ही जाळी अमेरिकन डॉसच्या अक्षरसंचावर वाढली. त्यात २५६ जागा, आणि देवनागरीला एकही नाही. आता संदेशाच्या नियंत्रण-ओळीत 'हा मजकूर यूटीएफ-८ मध्ये', म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिपी मावणाऱ्या पद्धतीत, 'आहे' असं सांगता येतं आणि सिंक्रोनेटसारखी सॉफ्टवेअर ते पाळतात. पण वाचणाऱ्याचं टर्मिनल जुन्या संचाचं असेल तर प्रत्येक मराठी अक्षराचे तीन बाइट तीन वेगळी चिन्हं होऊन दिसतात, आणि त्याच्या पडद्यावर ग्रीक अल्फा व डोक्यावर लाट काढलेला स्पॅनिश एन यांची लांबच लांब माळ उभी राहते.

याहून वाईट भानगड एका बाइटची आहे. फिडोनेटच्या मूळ तांत्रिक मानकात सोळाअंकी मोजणीतला '८डी' हा बाइट 'मऊ ओळतोड' ठरवला आहे आणि तो दुर्लक्षित करावा असं सांगितलं आहे. काही जुने प्रोग्रॅम तो सरळ गाळून टाकतात. रशियन लोकांच्या डॉस-संचात त्यांचं मोठं 'एन' अक्षर नेमकं याच जागेवर बसलं होतं. मग त्यांनी त्याच्यासारखंच दिसणारं रोमन 'एच' वापरून वेळ मारून नेली. आपल्या वाट्याला काय येतं? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या हलन्ताचा, म्हणजे पाय मोडायच्या खुणेचा, शेवटचा बाइट '८डी'च आहे. वाटेत असा एखादा प्रोग्रॅम भेटला तर 'क', 'ख', 'ग' सुखरूप पोचतील, पण प्रत्येक जोडाक्षर मोडेल. 'विद्यार्थी' या एका शब्दात दोनदा अपघात.

तेव्हा सार्वजनिक विभागात इंग्रजीत किंवा रोमन मराठीत लिहा. चार मराठी मंडळींना देवनागरीतच बोलायचं असेल तर आपल्या बोर्डावर स्थानिक विभाग काढा, किंवा दोन बोर्डांचे सिसॉप ठरवून यूटीएफ-८ पाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर आपसात देवाणघेवाण करा. आधी चाचणी विभागात जोडाक्षरांनी भरलेलं एक वाक्य पाठवून ते पलीकडे कसं उतरतं ते बघा.

कुठलं जाळं?

पहिल्यांदाच नोड लावणाऱ्याला मी एफएसएक्सनेट सुचवतो. ते न्यूझीलंडमधून चालवलं जातं, झोन क्रमांक २१, आणि प्रयोग करणाऱ्यांसाठीच काढलेलं असल्याने चुका खपवून घेतल्या जातात. माहितीची सगळी कागदपत्रं एका झिपमध्ये मिळतात. सिंक्रोनेट वापरणार असाल तर डव्ह-नेट आणखी सोपं: ते क्यूडब्ल्यूके पाकिटांवरच चालतं, फिडोची पत्त्यांची भानगड नाही.

फिडोनेटचा इतिहास मोठा, तशी शिस्तही मोठी. भारत पूर्वी आशियाच्या सहाव्या झोनमध्ये होता. तो झोन २००७ मध्ये गुंडाळला गेला आणि उरलेले नोड ऑस्ट्रेलियाच्या बाजूच्या तिसऱ्या झोनमध्ये गेले. पुण्या-नागपुराहून अर्ज करायचा तर तिसऱ्या झोनच्या समन्वयकांकडे विचारणा करावी लागेल.

पॉइंट, आणि मग नोड

पॉइंट होणं म्हणजे दुसऱ्याच्या पत्त्यावर 'द्वारा' लिहून टपाल मागवणं. नोड नंबर त्याचा, टिंबानंतरचा आकडा तुमचा. नोडलिस्टमध्ये (जाळ्यातल्या नोडांच्या यादीत) नाव लागत नाही, बोर्ड चालवावा लागत नाही, आणि टपालाची यंत्रणा मात्र सगळी हाताखालून जाते. ज्या बोर्डावर तुम्ही काही महिने लिहिता आहात त्या सिसॉपला नेटमेलने विचारा. सगळेच देतात असं नाही, पण ओळखीच्या माणसाला सहसा नाही म्हणत नाहीत. पॉइंटसाठी टपाल आणणारा बिंकडी, ते विभागांत लावणारा हस्की आणि वाचा-लिहायला गोल्डएड अशी तिघांची जोडणी जुनी आणि भरवशाची आहे.

नोड म्हणजे स्वतःचा बोर्ड. मिस्टिक, सिंक्रोनेट किंवा एनिग्मा यांपैकी एक घ्या. सिंक्रोनेटमध्ये 'इनिट-फिडोनेट' नावाची स्क्रिप्ट प्रश्न विचारत विचारत पत्ता, हब आणि विभाग स्वतःच लावून देते. हाताने लिहिण्याची हौस दुसऱ्या खेपेला भागवा. अर्जात बोर्डाचं नाव, गाव, सिसॉपचं नाव, सॉफ्टवेअर आणि संपर्काचा मेल लागतो. उत्तरादाखल नोड नंबर, हबचा पत्ता आणि पासवर्ड येतात. पासवर्ड एकच नसतो: जोडणीचा, पाकिटाचा आणि एरियाफिक्सचा (हबकडून विभाग मागवायच्या सोयीचा) असे वेगवेगळे असू शकतात. पाकिटाच्या पासवर्डला आठच अक्षरांची जागा असते. नववं अक्षर टाकलंत तर कुठे अडलं ते लवकर उमगत नाही.

आता आपल्या इथली खास अडचण. भारतात घरगुती ब्रॉडबँड आणि मोबाइल जोडण्यांवर बऱ्याचदा कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटते. त्यामुळे बाहेरून तुमच्या यंत्राला कुणी जोडणी लावू शकत नाही. हे कळलं की पुष्कळ जण इथेच हात टेकतात. पण टपालासाठी बाहेरून जोडणी यावीच लागत नाही! बिंकपी या नियमावलीत, पोर्ट २४५५४ वर, तुम्ही हबला जोडलात की त्याच एका बैठकीत तुमचं टपाल जातं आणि साठवलेलं येतं. ठरावीक वेळाने पोल करत, म्हणजे हबला जोडून टपाल विचारत, राहा, बस्स. दर अर्ध्या तासाने केलं तर भरपूर झालं, आणि किती वेळाने चालेल ते हबला विचारून घ्या. वीज गेली तरी चिंता नाही, टपाल हबकडे थांबून राहतं. अर्जात मात्र स्पष्ट लिहा की तुमच्याकडे बाहेरून जोडणी येणार नाही. त्याप्रमाणे नोंद लागते.

लोकांनी तुमच्या बोर्डावर यावं असं वाटत असेल तर सार्वजनिक पत्ता किंवा भाड्याचा छोटा सर्व्हर घ्यावा लागेल. तेव्हा टेलनेटचं नेहमीचं २३ नंबरचं पोर्ट टाळा. २०१६ मध्ये गाजलेला मिराय हा घातक प्रोग्रॅम २३ आणि २३२३ ही दोन्ही पोर्टं ठोठावत फिरायचा, आणि त्याची पिल्लं अजून हिंडतात. वेगळाच आकडा निवडा.

जोडणी झाली की विभाग मागवायचे. हबच्या पत्त्यावर 'एरियाफिक्स' या नावाने नेटमेल लिहा, विषयाच्या जागी पासवर्ड टाका आणि मजकुरात आज्ञा द्या. टक्क्याचं चिन्ह आणि 'लिस्ट' लिहिलं की यादी येते, विभागाच्या नावाआधी अधिक चिन्ह दिलं की तो चालू होतो, वजा दिलं की बंद. पहिल्या दिवशी सगळे मागवू नका. चाचणी, सर्वसाधारण आणि तुमच्या सॉफ्टवेअरचा, असे तीन पुरेत.

टपाल येत नाही तेव्हा

लॉग वाचा, आणि याच क्रमाने वाचा. आधी जोडणी: हब भेटला का, पासवर्ड मान्य झाला का. मग आवक फोल्डर: तिथे वाराच्या पहिल्या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या विस्ताराच्या फाइली, म्हणजे सोमवारच्या 'एमओ', मंगळवारच्या 'टीयू' वगैरे, पडून असतील तर टपाल आलं आहे, फक्त टॉसर (टपाल विभागांत लावणारा प्रोग्रॅम) चालत नाही. टॉसर चालून संदेश दिसत नसतील तर 'बॅड' विभागात डोकवा. विभागाचं नाव एका अक्षराने चुकलं की सगळं तिथे जमतं. आवक होते पण जावक होत नाही, असं असेल तर विभागाला कुठला पत्ता जोडला आहे ते बघा. दोन जाळ्यांत असणाऱ्यांच्या संदेशाखाली हमखास भलत्याच जाळ्याचा पत्ता उमटतो.

एक गोष्ट मात्र करू नका: एकच विभाग दोन हबांकडून घेऊ नका. आणि जुन्या बॅकअपवरून बोर्ड उभा केलात तर पोल करण्यापूर्वी जावक फोल्डर रिकामं आहे ना ते तपासा. नाहीतर मागच्या वर्षीच्या गप्पा पुन्हा जगभर जातात.

जुन्यांसाठी दोन शब्द

नव्याला मदत करताना दुवे फेकू नका. त्याच्या चाचणी-संदेशाला उत्तर द्या, आणि उत्तरात तो तुमच्याकडे कुठल्या वाटेने आला ती 'पाथ' ओळ चिकटवा. त्याला कळतं की आपला मजकूर खरंच कुठेतरी पोचला, आणि कुठून कुठे ते दिसतं. नोड नंबर देताना हबचा पत्ता, पोर्ट, तिन्ही पासवर्ड आणि पोलची वेळ एकाच पत्रात लिहा, चार पत्रांत विखरून नको. हे पत्र नेटमेलने पाठवून उपयोग नाही, कारण त्याचं नेटमेल अजून सुरूच झालेलं नसतं. साध्या मेलने पाठवा. पंधरा दिवस त्याने पोल केलं नाही तर टपाल पुसण्याआधी एकदा त्याच मेलवर विचारा. बहुतेक वेळा राउटर बदललेला असतो, किंवा परीक्षा चालू असते.